घर ब्रूनोचं की आईंचं?

प्रश्न : आम्ही नाशिकला रो-हाउसमध्ये राहतो. घरात मी, मिस्टर, आठवीतला मुलगा आणि एप्रिलपासून सासूबाई. आमचा ब्रूनो अडीच वर्षांचा, लॅब आणि गावठीचा क्रॉस. ४० दिवसांचा असताना आणला. आम्हा तिघांवर जीव टाकतो, पण बाहेरचं कुणी त्याला खपत नाही. हॉलमधल्या खिडकीपाशी दिवाण आहे, त्यावर बसून दिवसभर रस्त्यावर नजर. पेपरवाला, कुरियरवाला, घंटागाडी, काहीही आलं की घर डोक्यावर घेतो. मिस्टर त्याला गेटपाशी साखळीने बांधतात, तर आणखीच पिसाळल्यासारखं करतो. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांना गावाहून आणलं आणि जिना नको म्हणून खालची खोली दिली. आधी तिथे ब्रूनो झोपायचा. आता त्या वॉकर घेऊन हॉलमध्ये आल्या की हा गुरगुरतो. मागच्या आठवड्यात त्यांनी कौतुकाने डोक्यावरून हात फिरवला, तर दात विचकून हातावर आला. लागलं नाही, पण त्या फार घाबरल्या. मिस्टर म्हणतात, मालक कोण ते त्याला दाखवलंच पाहिजे. पेपरची गुंडाळी करून मारतात. मुलगा म्हणतो, आजीच त्याला त्रास देते. तीन आठवड्यांपूर्वी भांडीवाल्या मावशींच्या पोटरीला थोडं लागलं होतं. आम्ही हळद लावली आणि टीटीचं इंजेक्शन देऊन आणलं. सासूबाई म्हणतात, एक तर तो राहील नाहीतर मी. दीर म्हणतात, गावाला शेतावर सोडून द्या, राखण करेल. महिन्याभरावर गौरी-गणपती आले, घरात वीसेक माणसं असतील. पावसाळा लागल्यापासून ब्रूनो जास्तच चिडचिडा झालाय, सारखा कान खाजवत असतो. काय करू?
– एक सून, नाशिक

ताई, मावशींसाठी तुमच्या पत्रात दोनच वाक्यं आहेत. उत्तर मात्र तिथूनच सुरू करावं लागेल, कारण सासूबाई घाबरल्या, मावशींना दात लागले.

‘थोडं लागलं’ असं काही नसतं. दाताने कातडी फाटली की तो चावा. कुत्रा घरचा असो, लाडाचा असो, लस दिलेला असो, पहिलं काम ठरलेलं: वाहत्या नळाखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवायची. घड्याळाकडे बघून १५ मिनिटं. ती फार लांब वाटतात, पण रेबीजचा विषाणू जखमेतच असताना त्याला बाहेर काढायची तेवढीच संधी असते. हळद, चुना, तिखट यांतलं काही लावायचं नाही, आणि तडक डॉक्टरकडे जायचं. टीटीचं इंजेक्शन धनुर्वातासाठी असतं, रेबीजशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडे हा घोळ शिकल्यासवरल्या घरांतही सर्रास होतो. रेबीजची लस वेगळी. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. दंडाच्या कातडीत टोचतात आणि पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८व्या दिवशी परत जावं लागतं. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, देतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप आधीच करायचा.

चावलेला कुत्रा पुढचे १० दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानतात. ब्रूनो तीन आठवड्यांनंतरही खातोय, पितोय, रस्त्यावर भुंकतोय. म्हणजे त्या चाव्यापुरती मावशींच्या जिवाची काळजी मिटली. तरीही त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, पाय दाखवा, पुढे काय द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. रिक्षाचं भाडं तुमचं, औषधं तुमची, त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, आणि त्यांची बाकीच्या घरांतली कामं बुडाली तर त्याचेही पैसे तुम्ही द्यायचे. पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी मालकाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मावशी पोलिसात जाणार नाहीत, कारण त्यांना काम टिकवायचंय. म्हणून तर हे तुम्हीच आपणहून करायला हवं. आणि उद्यापासून त्यांनी बेल वाजवायच्या आधी ब्रूनो दार लावलेल्या खोलीत असला पाहिजे. ‘काही करत नाही हो तो, या ना आत’ हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं बंद.

ब्रूनोचं लसीचं कार्डही काढून बघा. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी द्यावं लागतं. पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून विचारते. महापालिकेकडे त्याची नोंदणी केली नसेल तर तीही करून टाका. शेजाऱ्यांनी उद्या तक्रार केलीच तर कागद हाताशी हवेत.

आता पत्राचं शेवटचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मी पशुवैद्य असल्यामुळे माझी नजर तिथेच अडकली. कान लोंबते असले की पावसाळ्यात आत ओल राहते, हवा खेळत नाही, मग बुरशी आणि जंतू वाढतात. ब्रूनोचा कान हलकेच उलटा करून बघा: आत लाल दिसतंय का, तपकिरी मळ आहे का, आंबूस वास येतो का. तो एका बाजूला डोकं कलतं ठेवतो का, उठल्या उठल्या कान फडफडवतो का? यातलं काही असेल तर सासूबाईंचा हात नेमका ठणकत्या जागेवर पडला असणार, आणि ज्याला तुम्ही अरेरावी म्हणताय ते ‘दुखतंय, हात नको’ एवढंच असेल. सगळा प्रश्न कानाचाच आहे असं मी म्हणत नाही. मात्र अडीच वर्षं घरात नीट वागलेला कुत्रा दोन-तीन महिन्यांत चिडका होतो, तेव्हा आधी दुखणं शोधायचं आणि मग स्वभाव. तेव्हा या आठवड्यातच दवाखाना. कान, दात आणि मागचे सांधे बघायला सांगा. गोचिडांचा ताप नाही ना याच्यासाठी रक्त तपासायला सांगा. तोवर कानात खोबरेल तेल किंवा कपाटातले जुने थेंब घालू नका. पडद्याला छिद्र असेल तर काही औषधांनी नुकसान होतं.

जाताना मावशींचं आणि सासूबाईंचं दोन्ही प्रकरणं डॉक्टरांना खरी खरी सांगा. लोक दवाखान्यात कुत्र्याचा चावा लपवतात, मुलाचे कमी मार्क लपवावेत तसे.

आता खिडकीतल्या पहाऱ्याकडे वळू. ब्रूनोच्या जागी बसून एक सकाळ बघा. पेपरवाला येतो, ब्रूनो भुंकतो, पेपरवाला जातो. घंटागाडी गाणं वाजवत येते, ब्रूनो भुंकतो, गाडी पुढे सरकते. गॅसवाला, भाजीवाला, पार्सलवाला, समोरच्या बंगल्यातली मांजर, सगळे येतात आणि भुंकल्यावर जातात. ते तसेही जाणारच होते, पण हे ब्रूनोला कोण सांगणार? त्याच्या लेखी दर वेळी त्यानेच हाकललं. दिवसातून वीस वेळा जे जमतं ते कोण कशाला सोडेल? तुम्ही ‘गप रे’ म्हणून आतून ओरडता, तेव्हा त्याला वाटतं की घरचेही आपल्या जोडीने भुंकतायत. गेटपाशी बांधलं की तर कहरच. धोका अगदी नाकासमोर, आणि पुढेही जाता येत नाही, मागेही सरता येत नाही. साखळीला लटकून रोज तासन्‌तास भुंकणारा कुत्रा माणसांना सरावत नाही, माणसांचा राग करायला शिकतो. साखळी आजच काढा.

मूळ थोडं मागेही आहे. पिल्लाचं साधारण तीन आठवड्यांपासून चौदा आठवड्यांपर्यंतचं वय म्हणजे जगाची ओळख होण्याचा काळ. त्या काळात जी माणसं, आवाज, वस्तू बिनत्रासाच्या ओळखीच्या झाल्या, त्या पुढे जन्मभर साध्या वाटतात. ४० दिवसांचं पिल्लू आईपासून लवकरच तुटलेलं असतं, आणि लसी पूर्ण होईपर्यंत बहुतेक घरं त्याला चार भिंतींच्या आत ठेवतात. मग एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा मनाने मोठा होतो आणि आतली धास्ती ‘हे माझं, तू लांब हो’ या रूपात बाहेर येते. बाहेरून तो शूर दिसतो. आतून बहुतेक वेळा भेदरलेला असतो.

त्या दोन महिन्यांची भरपाई आता पूर्णपणे होणार नाही, पण पहाऱ्याचं काम मात्र त्याच्याकडून काढून घेता येतं. दिवाण खिडकीपासून हलवा, अगदी आजच, मुलाला हाताशी घेऊन. खिडकीच्या काचेला खालच्या अर्ध्या भागात दुधी फिल्म चिकटवा. स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गेटच्या गजांना आतून फायबर शीट किंवा हिरवी शेडनेट बांधा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय दिसणार नाहीत. बेल गेटच्या बाहेर लावून घ्या, गेटला आतून कडी ठेवा, आणि पार्सलसाठी कंपाउंडच्या भिंतीला एक खोका अडकवा. ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी लावायला लाजू नका. यातल्या कशालाही ट्रेनर लागत नाही आणि आठवड्याभरात भुंकणं बरंच उतरतं, कारण भुंकायला समोर काही उरतच नाही.

बेलचं गणित वेगळं सोडवावं लागेल. मुलाच्या मोबाइलवर तुमच्याच बेलचा आवाज रेकॉर्ड करा. ब्रूनो भुकेला आणि निवांत असताना तो अगदी बारीक आवाजात वाजवायचा, आणि लगेच आतल्या गादीवर उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे चार तुकडे टाकायचे. बेल, तुकडे. बेल, तुकडे. काही दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. बेल वाजल्यावर दाराकडे न धावता तो आपणहून गादीकडे मान वळवू लागला की खऱ्या बेलवर करून बघायचं, तेही आधी तुमच्यापैकीच एकाने बाहेर जाऊन. तो बिथरला तर शिक्षा नाही. एवढंच समजायचं की आपण घाई केली, आणि आवाज परत खाली आणायचा.

आता आई. सासूबाईंना दोष देण्याआधी एप्रिल महिना त्या दोघांच्या बाजूने बघा. त्यांचं गाव, अंगण, स्वतःचं स्वयंपाकघर एका दिवसात सुटलं आणि परक्या खोलीत पाय जपत बसावं लागलं. ब्रूनोची झोपायची खोली त्याच दिवशी गेली, आणि तिच्यातून एक अनोळखी व्यक्ती चार पायांची लोखंडी वस्तू टाइल्सवर आपटत बाहेर येऊ लागली. ‘आजी त्रास देते’ हे मुलाचं म्हणणं चूक आहे, आणि ‘हा माजलाय’ हेही.

पहिला नियम, यात तडजोड नाही: आई आणि ब्रूनो एका मोकळ्या जागेत, मध्ये अडसर नसताना, एकत्र येणार नाहीत. निदान सध्या नाही. चावा तर सोडाच, पंचवीस-तीस किलोचा कुत्रा लाडाने जरी अंगावर आला आणि त्या पडल्या, तर पुन्हा ऑपरेशन. लहान मुलांसाठी मिळतं तसलं जाळीचं फाटक हॉलच्या तोंडाशी बसवून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. आईंची खोली, देवघर आणि स्वयंपाकघर ब्रूनोला बंद. सोवळ्याओवळ्याचा त्यांचा आग्रह असेल तर तो पाळला गेलाच पाहिजे. नैवेद्याच्या ताटाजवळ कुत्र्याचे केस त्यांनी का सहन करायचे? आणि ब्रूनोलाही त्याची गेलेली जागा द्या. रो-हाउसमध्ये जिन्याखाली एक कोपरा असतोच, तिथे सध्या जुने पेपर आणि सायकल असेल. तो रिकामा करा, त्याची जुनी चादर न धुता तिथे घाला, पाण्याचं भांडं ठेवा. तो तिथे असताना कुणीही त्याला हात लावायचा नाही, ओढून काढायचं नाही, वाकून बघायचं नाही.

मग वॉकर. आई दुपारी झोपल्या की वॉकर हॉलच्या मध्ये आणून नुसता उभा करा. ब्रूनोला लांबून बघू द्या. त्याच्या भोवती शेंगदाण्याएवढे पनीरचे तुकडे टाका आणि बाजूला व्हा. तो मान लांब करून, मागचे पाय दूर ठेवून एक तुकडा उचलेल आणि पळेल. पळू द्या. दोन-तीन दिवसांत तो वॉकरच्या रबरी बुंध्यांना नाक लावेल. मग तुम्ही स्वतः तो धरून एक पाऊल टाका, तुकडा टाका. दोन पावलं, तुकडा. आवाजच खुपत असेल तर बुंध्यांची झिजलेली रबरं बदला, टाइल्सवरची खटखट निम्मी होते.

आईंना यात घ्यायचं ते खुर्चीत बसवून, फाटकाच्या पलीकडे. त्यांनी त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात तर पुढे करायचाच नाही. फक्त अधूनमधून एक तुकडा फाटकावरून टाकायचा आणि आपली माळ ओढत बसायचं. दिवसातून पाच मिनिटं पुरे. आजवर आई आल्या की ब्रूनोची खोली जायची, मार पडायचा, ओरडा बसायचा. आता आई दिसल्या की आकाशातून पनीर पडतं. त्याला हे समजायला वेळ लागेल, पण लागेल तेवढा देऊ या. त्यांना हे करायचंच नसेल तर आग्रह धरू नका. त्यांनी कुत्र्यावर प्रेम करावं असा काही नियम नाही. त्यांना त्या घरात निर्धास्त चालता यावं, हा आहे.

गुरगुरण्याबद्दल मात्र मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना आहे. त्याच्याही आधी तो बऱ्याच गोष्टी करतो: अंग एकदम ताठ होतं, खाता खाता जबडा थांबतो, मान न वळवता डोळ्याच्या कडेने बघतो आणि पांढरं दिसतं, ओठ चाटतो, मान फिरवतो. हे कुणी पाहिलं नाही की गुरगुरतो. त्यावर पेपरची गुंडाळी बसली की तो एवढंच शिकतो की गुरगुरायचं नाही. मनातली भीती आहे तिथेच राहते, सूचना देणं तेवढं बंद होतं. ‘काही न करता एकदम चावला हो’ अशी जी कुत्री माझ्याकडे आणतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं गुरगुरणं घरच्यांनीच मारून बंद केलेलं असतं. शिवाय आई समोर असताना मार पडला, तर मार कशामुळे पडला याचा हिशेब तो आईंच्या नावावर मांडतो.

‘मालक कोण ते दाखवायचं’ या कल्पनेचं मूळही सांगते. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची आपसांतली भांडणं नोंदवली, आणि कळपात एक दादा असतो, बाकीचे त्याच्याशी सतत झगडत असतात, हे चित्र तिथून पसरलं. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की तिथला कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. ब्रूनोला तुमच्या घराची सत्ता नकोय. त्याला दिवाण हवाय, झोप हवीय, आणि कोण केव्हा ओरडेल हे आधी कळायला हवंय. मिस्टरांना काही करून दाखवायचंच असेल तर रोज सकाळी त्याला पाऊण तास फिरवून आणा म्हणावं, ओढत नव्हे, खांबा-खांबाला नाक लावू देत. वास घेऊन दमलेला कुत्रा दुपारभर झोपतो.

मुलाला दोन गोष्टी सांगा. दिवाणावर किंवा त्याच्या पलंगावर ब्रूनोला जवळ घेऊन बसायचं आणि कुणी आलं की तो गुरगुरतो म्हणून हसायचं, असं होत असेल तर ते बंद. अशा गुरगुरण्याचे रील मुलं काढतात, त्याला लाइकही भरपूर मिळतात. कुत्र्याला वाटतं, वा, हेच हवंय यांना. दुसरं, त्याला खाली उतरवायचं ते गळपट्टा ओढून नाही. जमिनीवर तुकडा टाकायचा, ‘खाली’ म्हणायचं, उतरला की शाबासकी. मुलाला कामाला लावा. आठवीतली मुलं या बाबतीत बापांपेक्षा चिकाटीची निघतात, हा माझा अनुभव.

नसबंदीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तिने घरभर मुतून ठेवणं, मादीमागे पळून जाणं कमी होतं. अनोळखी माणसांवर भुंकणं तिने थांबेल असं समजून करू नका, आणि घाबरट कुत्र्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोला.

गणपती. महिना आहे, तेवढ्यात ब्रूनो वीस माणसांमध्ये फिरण्याइतका तयार होणार नाही, आणि त्याला तसा करण्याच्या फंदात पडू नका. त्याची व्यवस्था वरच्या मजल्यावर. मुलाच्या खोलीत गादी, पाणी, चालू पंखा, बाहेरचे आवाज झाकायला टीव्ही किंवा रेडिओ, आणि जिन्याच्या तोंडाशी दुसरं फाटक. आजपासूनच रोज तासभर तिथे ठेवायची सवय लावा, नाहीतर ऐन आरतीला दार ओरबाडेल. आतून पोकळ असलेलं रबरी खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवलं की तो बराच वेळ चाटत बसतो. सकाळी पाहुणे उठायच्या आत आणि रात्री सगळे आडवे झाल्यावर फिरवायचं. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशा सुरू व्हायच्या आधीच खिडक्या बंद. पाहुण्यांच्या पोरांना ‘कुत्रा दाखवायला’ वर न्यायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. कुत्रा सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवायचा विचार असेल तर आधी एक रात्र ठेवून बघा. ऐन सणात पहिल्यांदाच नेऊन टाकू नका.

प्रसादाचंही बघा. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. नाशिकच्या घरात दोन्हींची ददात नसते, आणि पंचखाद्यातल्या मनुका पोरं हमखास खाली सांडतात. हल्ली चॉकलेटचे मोदकही येतात, तेही त्याच्यासाठी विषच.

दरम्यान त्याला मुसकं घालायची सवय लावायला घ्या. बैलाला असतं तसं जाळीदार मिळतं, त्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी घट्ट पट्टी नको, तिच्यात कुत्र्याला तोंड उघडून अंग गार करता येत नाही. मुसक्याच्या आत पनीर लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, बरेच दिवस पट्टा लावूच नका. दवाखान्यात जाताना ते लागेलच. लोक काय म्हणतील याची काळजी नको. मुसकं घातलेला कुत्रा दिसला की लोक आपोआप चार हात लांबून जातात, ब्रूनोला नेमकं तेच हवंय.

राहता राहिला सासूबाईंचा निर्वाणीचा प्रश्न. तो मी त्यांचा हट्ट मानत नाही. कान बरा झाला, फाटकं बसली, दोन-तीन महिने सगळ्यांनी एकच नियम पाळले, आणि तरीही ब्रूनो आईंना बघून फाटकावर झेप घेत असेल, किंवा परत कुणाला खोल चावला, किंवा तुमच्या घरात हे सगळं रोजच्या रोज सांभाळायला खरंच कुणाला वेळ नसेल, तर त्याला दुसरं घर शोधणं हा शहाणपणाचा निर्णय ठरेल आणि त्यात कुणी स्वतःला दोष लावून घेऊ नये. ते घर म्हातारी माणसं, लहान मुलं नसलेलं हवं, आणि चावल्याची गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितलेली हवी. त्याआधी कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करणाऱ्या एखाद्या पशुवैद्याला किंवा मारझोड न करणाऱ्या ट्रेनरला घरी बोलावून दाखवा. गळ्यात काट्यांचा किंवा शॉकचा पट्टा घालायला सांगणारा ट्रेनर आला तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

शेतावर सोडणं यात बसत नाही. सोफ्यावर वाढलेला, अनोळखी माणसाला घाबरणारा कुत्रा उघड्या रानात गेला की एक तर गावातली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर तो साखळीला बांधला जातो आणि एक दिवस खुरपायला आलेल्या बाईला किंवा तिच्या पोराला चावतो. तिथून दवाखाना आणखी लांब. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. तेव्हा दिरांना तसं सरळ सांगून टाका, आणि गणपतीला आले की जिन्याच्या फाटकाची कडी लागलीय ना हे बघायची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या.